मी आहे बाहेर

२ मार्च, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, आणि माझ्या ताब्यात काय दिलं, तर दुकानातले संडास! हसायचं त्याने खुशाल हसावं. इतकी वर्षं हॉटेलातल्या खोल्या आवरून घेतल्यात मी. गालिचा बघून कुणी हॉटेलाला नावाजत नाही, पण बाथरूममध्ये एक केस दिसला तर सात पिढ्यांना सांगत सुटतात.

ताई स्टेशनवर घ्यायला आली होती. फार वाळलीय. मिठी मारली तर तिची हाडं टोचली मला. ती या दुकानाची मॅनेजर. कपडे, भांडी, खेळणी, सगळं एका छपराखाली. रिक्षात म्हणाली, बायका येतात पण टिकत नाहीत. टॉयलेटमध्ये पाय ठेवायला धजत नाहीत, मग अर्धी खरेदी टाकून घर गाठतात. मालक वैतागले, तेव्हा तिने माझं नाव सुचवलं. घटस्फोटानंतर मी आईच्या घरी नुसती माशा मारत बसले होते. सगळ्यांनी पाठ फिरवली, पण ताईने आठवण ठेवली. आज कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

३ मार्च, मंगळवार

सकाळी पाहणी केली. दुसऱ्या मजल्यावर, लहान मुलांच्या कपड्यांच्या मागे. एका ओळीत पाच दारं आणि समोर बेसिनं. ज्या शहाण्याने हे बांधलं तो जन्मात कधी हातात पर्स आणि कडेवर पोर घेऊन आत गेला नसणार. खुंटी एकही नाही, म्हणजे पर्स दातात धरा. नळ इतका आखूड की हात धुताना बोटं बेसिनला घासतात. हात वाळवायचं यंत्र पार दारापाशी, त्यामुळे प्रत्येक बाई तिथपर्यंत पाणी सांडत जाते आणि मागून येणारी घसरते. दारांच्या खाली ही एवढी फट, पोरं वाकून बघतात.

आणि दिवे! आतले सगळे दिवे बेसिनच्या वर बसवलेल्या एका डोळ्यावर चालतात. बेसिनपाशी कुणी हललं की लागतात, नाही हललं की जातात. आत बसलेल्या बाईने काय करायचं? अंधारात देवाचं नाव घेत बसायचं. खिडकीचा उजेड पहिल्या दोन-तीन दारांपर्यंत येतो, शेवटच्याला तोही नाही.

शेवटच्या दारावर ‘नादुरुस्त’ अशी पाटी होती. आत जाऊन बघितलं तर पाणी चालू, भांडं धड, फरशी कोरडी ठणठणीत. पाटी काढून टाकली. ताईला सांगितलं तर म्हणाली, बरं केलंस. मग तिला लहानपणची आठवण झाली. आमचा संडास अंगणापलीकडे होता आणि मी एक नंबरची भित्री. ताई दाराबाहेर उभी राहायची. मी आतून दर क्षणाला ओरडायचे, ताई, आहेस ना? आणि ती न कंटाळता म्हणायची, आहे गं, मी आहे बाहेर. मैत्रिणींच्या बहिणी गंमत म्हणून पळून जायच्या. माझी एकदाही गेली नाही.

१० मार्च, मंगळवार

आठवडाभर राबले, पण जागेचं रूप पालटलं. प्रत्येक दारामागे खुंटी, तिच्याखाली पर्स ठेवायला छोटी फळी. दारांखालच्या फटी सुताराकडून पक्क्या बुजवून घेतल्या. आरशावर पिवळसर दिवा लावला. पांढऱ्या दिव्यात बाई स्वतःला बघते आणि तिला आजारी असल्यासारखं वाटतं, मग कसली ती नवा कुर्ता घेतेय! आता बायका आरशासमोर रेंगाळतात, केस सारखे करतात, आणि परत कपड्यांकडे वळतात. मालक स्वतः वर आले आणि माझी पाठ थोपटून गेले. दिव्यांचा डोळा तेवढा हलवायचा राहिलाय. ताई म्हणते इलेक्ट्रिशियनला ती बोलावेल. रोज उद्यावर ढकलते.

एकच कुरबूर झाली. इथल्या सफाईवाल्या मावशी कानात कापसाचे बोळे घालून काम करतात. काल एका गिऱ्हाइकाने आतून कागद मागितला, मागून मागून घसा बसला बिचारीचा, पण बाहेर मावशी आपल्या फरशी पुसतायत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर त्यांना बोळे काढायला लावले. यापुढे आतून कुणीही हाक मारली की ताबडतोब उत्तर द्यायचं, असं बजावलं. मावशी म्हणाल्या, चार दारांना देईन, शेवटच्याला देणार नाही. असला हट्टीपणा मी कधी बघितला नाही.

ताईने मात्र माझा नियम उचलून धरला. वर तिनेच सांगितलं, गिऱ्हाइकाला धीर वाटेल असं बोलायचं, ‘मी आहे बाहेर’ असं म्हणायचं. माझा ऊर भरून आला.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळपासून बायकांची रांग होती, पण शेवटचं दार रिकामंच. एक आई आपल्या मुलीला तिकडे ओढत होती. मुलीने भोकाड पसरलं. आत एक काकू बसलीय म्हणाली. दार तर सताड उघडं! मी तिला फुगा देऊन गप्प केलं.

दुपारी कुणी नव्हतं. मी दारापाशी हात वाळवायचं यंत्र पुसत होते. शेवटचं दार लोटलेलं होतं. आतून बाईचा आवाज आला, अगदी हळू.

आहेस ना?

मला वाटलं, बिचारीचा दिवा गेला असेल. बेसिनपाशी जाऊन, हात हलवून डोळ्याला जागं केलं आणि म्हटलं, हो, मी आहे बाहेर, होऊ द्या सावकाश. बराच वेळ गेला. कुणी बाहेर येईना. शेवटी दार ढकललं. उघडलं. आत कुणी नव्हतं.

पाइपातला आवाज असेल. जुनी इमारत आहे.

१६ मार्च, सोमवार

मावशींनी काम सोडलं. जाता जाता मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुम्ही उत्तर दिलंत ना, तुमच्या तोंडावर दिसतंय. मग आणखी बोलल्या. माझी ताई म्हणे प्रत्येक नव्या बाईला सांगते, शेवटच्यात जा, आतून कडी लाव आणि नीट लागते का बघ. कुणी गेली नाही. परक्याचं कोण ऐकतंय, म्हणून आता सख्खी बहीण आणली.

मी भडकलेच. तोंड सांभाळून बोला म्हटलं. माझ्या ताईबद्दल! जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्याबद्दल! मावशींनी पदराने डोळे टिपले आणि गेल्या.

नंतर सगळे आरसे दोनदा पुसून काढले. रागानेच.

१७ मार्च, मंगळवार

आज ताईच्या घरी, न्हाणीघरात. नळ बंद केला आणि भिंतीतून आलं — आहेस ना?

बाहेर पळाले. ताई चहा गाळत होती. तिला सांगितलं. तिने विचारलं, तुला आला ना आवाज? तुझ्या ताईचं नाव घेतलं का? नाही म्हटलं. तिने जे काही तोंड केलं — जीव भांड्यात पडल्यासारखं. माझ्या भीतीने तिला बरं वाटलं? छे. माझंच डोकं फिरलंय.

१८ मार्च, बुधवार

ताईने आज सगळं सांगितलं. रडून रडून सांगितलं.

ती इथे नवी असताना शेवटच्या दारामागून हाक आली होती. आहेस ना? तिला मी आठवले. सवयीने बोलून गेली, आहे गं. तेव्हापासून ती बाई तिला सोडत नाही. दुकानात, घरी, जिथे पाणी आहे तिथे. आधी नुसतं विचारायची, आहेस ना. मग म्हणायला लागली, बाहेर किती उभी राहशील, आत ये. पण मी उत्तर दिलं त्या दिवसापासून ताईला एकही हाक आलेली नाही. रात्री झोप लागली म्हणाली. कित्येक वर्षांनी.

मी विचारलं, मला हे आधी का नाही सांगितलंस? ती बोटातली अंगठी फिरवत बसली.

१९ मार्च, गुरुवार

आज नाव घेतलं. माझं. घरचं नाव, फक्त ताई मारते ती हाक. आत ये म्हणाली.

ते नाव तिला सांगितलं कुणी?

२० मार्च, शुक्रवार

ताई म्हणते, ही सगळी मनाची भीती आहे. दोघी मिळून मोडून टाकू. दुपारी तिथे कुणी नसतं. मी आत जायचं, कडी लावायची, काही नाही हे डोळ्यांनी बघायचं आणि बाहेर यायचं. ती दाराला चिकटून उभी राहील. लहानपणीसारखी.

आतून कडी लावायची. मावशी हेच म्हणाल्या होत्या. तंतोतंत.

नाही. ताई तसं करणार नाही. मी जाणार आणि मावशींचं तोंड बंद करणार. हाक मारली तर ती ओ देईलच, तिने कायम दिलीय.

दुपार

आत आहे. वही एप्रनच्या खिशात होती म्हणून लिहितेय, हाताला चाळा. फोन बाहेर राहिला, ताईने धरायला घेतला होता. कडी लावली. आत काही नाही. खुंटी, फळी, भांडं. हसू येतंय.

दिवा चालू आहे. म्हणजे ताई बाहेर हलतेय.

कडी निघत नाही.

सांगितलं तिला. थांब म्हणाली. बघते म्हणाली. काहीच बघत नाहीये. रडतेय. माफ कर म्हणते. तिने तुझं नाव मागितलं गं, मी काय करू, माझ्याने होत नव्हतं —

केसाने गळा कापलास ताई. तुझ्या जागी मला — दुसरी कुणी मिळाली नाही तुला — मलाच —

दार हलत नाही. खालून हात घालावा तर फट नाही. मीच बुजवली. पक्की बुजवा म्हणाले सुताराला —

तिची चप्पल. लांब जातेय. जिन्याकडे.

एकदाही पळाली नव्हतीस गं तू. एकदाही नाही.

दिवा गेला.

दिसत नाही तरी लिहितेय. हात थांबला की —

हाक मारली. लहानपणीसारखी. ताई, आहेस ना?

आहे गं, म्हणाली. मी आहे.

आली. परत आली माझी ताई! मला माहीत होतं —

पण दिवा नाही लागला. बाहेर कुणी हललं की लागतो. बाहेर कुणी नाही.

आवाज दारातून नाही आला

माझ्या माग