स्वानंदची उतरलेली सरासरी

साउथहॅम्प्टन,
१० नोव्हेंबर २०२४

ती. निवेदिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून कागद का काढला, ते तू विचारायच्या आधीच सांगतो. तुझा लेक भिंतीपलीकडे असतो आणि माझा आवाज बाबांवर गेलाय. मेसेज करावा तर घरातल्या टॅबवर तो सगळ्यांनाच दिसतो. मराठी मात्र स्वानंदला छापीलसुद्धा धड वाचता येत नाही, मग माझं डॉक्टरी अक्षर कुठलं लागायला. तेव्हा काही दिवस स्टॅम्प लावून बोलू.

आनंदाची बातमी अशी, की मार्शफोर्ड हेरन्स क्लबने स्वानंदला पुढच्या सीझनसाठी ठेवून घेतलं. तुझ्या भाषेत, बगळ्यांनी त्याला थव्यात ठेवला. मॅनेजर मॉरिस स्वतः घरी येऊन सांगून गेला, सुप्रभामामीच्या हातची ताटभर भजी खाऊन.

स्पीडवेच्या या मोटरसायकल शर्यतींत टीम बांधायची रीत उफराटी आहे बघ. प्रत्येक रायडरच्या वर्षभराच्या गुणांची सरासरी काढतात, आणि सातही जणांच्या सरासऱ्यांची बेरीज लीगने ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊ देत नाहीत. सगळे तगडे एकाच टीमला मिळू नयेत म्हणून. त्यामुळे हुशार मॅनेजर असा माणूस शोधतो, ज्याची सरासरी कमी पण अंगात दम जास्त. स्वानंद सातच्या वर होता. जूनमध्ये तो कुंपणावर आपटला आणि मग घसरत घसरत साडेचारवर आला. मॉरिसला वाटतं पोरगं घाबरलंय, हिवाळ्यात भीती जाईल, आणि मार्चमध्ये साडेचारच्या जागेत सातचा रायडर मिळेल. उरलेल्या जागेत त्याने एक जबरदस्त डॅनिश रायडर बसवलाय. पुढची लीग आपलीच म्हणतो, आणि कागदावर टीम खरंच झक्कास दिसते. लीग आपली व्हायलाच हवी, कारण आणखी एक वर्ष तळाला काढलं तर मालक ट्रॅकची जमीन घरं बांधणाऱ्यांना देणार अशी कुणकुण आहे.

आता दुसरं. सीझनमध्ये शनिवारी ट्रॅक-डॉक्टरचं जॅकेट घालून मी तिथे उभा असतो, तो काही नुसता उडणारा चिखल खायला नाही. सुरुवातीच्या रेषेवरच्या फिती वर गेल्या की डाव्या हाताने क्लच सोडायचा असतो. स्वानंद तिथेच मागे पडतो, आणि पहिल्या वळणावर मागे पडलेला मागेच राहतो. दिवाळीत सुप्रभाबरोबर करंज्या करायला बसला, तर डाव्या हातातून पारी दोनदा सुटली. हसून म्हणाला, मामा, आउट ऑफ प्रॅक्टिस. मला ते भिणं वाटत नाही, ताई. मला त्याची मान दुखावलेली वाटते. स्कॅनचं नाव काढलं की खोलीत जाऊन बसतो. तू बोल.

लोभ आहेच, त्यातला थोडा दम करून त्याच्याकडे पाठव.

तुझा
राजीव

•

एडिनबरा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राजीव यास,
अ. उ. आ.

पहिलं पान वाचून हसले आणि दुसऱ्याने माझं जेवण गेलं. गोड आधी आणि खरं मागून, ही तुझी शाळेच्या प्रगतिपुस्तकापासूनची खोड. पुढच्या वेळी उलट लिही.

ब्रेक नसलेल्या मोटरसायकलवर मुलाला बसवलं ते त्याच्या बापाने, पुरुषोत्तमने. शेजाऱ्याबरोबर ट्रॅक दाखवायला नेलं आणि गाडी घेऊनच परत आले दोघं. मी भांडले, अबोला धरला, शेवटी दर रविवारी व्हॅन मीच चालवायला लागले. पुरुषोत्तम गेल्यावर तर तो माझ्याशी गाडीशिवाय कशाबद्दल बोलेचना, म्हणून मी या वयात क्लचच्या प्लेटा आणि टायरचे प्रकार शिकले. तेव्हा सोड ते खूळ असं म्हणणारी आई मी नाही, हे तुला माहीत आहे. पण तू मान म्हणालास आणि मी फोनच उचलला.

फोन केला तर चिल आई, चिल आई. मग मी माझं हत्यार काढलं. म्हटलं, स्कॅन करणार नसशील तर पुढचा सीझनभर दर शनिवारी तुमच्या स्टँडमध्ये नऊवारी नेसून, थर्मास घेऊन बसेन आणि तुझ्या नावाने ओरडेन. पुढच्या मंगळवारी जाईन म्हणालाय. बरोबर तू जा, त्याला एकट्याला सोडू नकोस. तो तुला मामा म्हणतो पण ऐकतो बापासारखं.

सुप्रभाला प्रेम. तुझ्यावरचं तहकूब आहे, रिपोर्ट आला की बघू.

ताई

•

साउथहॅम्प्टन,
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज खरं आधी. मानेतली चकती सरकून मज्जारज्जूवर दाबते आहे. जूनमध्ये आपटला तेव्हापासून. ऑपरेशन करायलाच हवं. हाताची ताकद किती परत येईल ते सर्जनही सांगत नाही. रायडिंगबद्दल मात्र त्याने सरळ सांगितलं, की यापुढे एक साधी पडझड पुरे, मानेखालचं सगळं कायमचं जाईल. ऑपरेशननंतरसुद्धा हा खेळ नाही.

स्वानंदने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ऑपरेशन ऑक्टोबरपर्यंत थांबेल का, म्हणजे सीझन होऊन जाईल. मग कार पार्कमध्ये रडला, ताई. आपला स्वानंद, जो कॉलरबोन मोडल्यावर पिझ्झा मागवत होता.

मी त्याला म्हटलं, मी त्या ट्रॅकचा डॉक्टर आहे, तुला गाडीवर बसू देणं मला शक्य नाही. तो म्हणाला कळतंय, फक्त मॉरिसला मला सांगू दे. सगळे मला घाबरट समजतात, भिऊन गेलो नाही हे माझ्या तोंडून त्यांना कळू दे. हे मला पटलं. हिवाळ्यात ट्रॅक बंदच असतो, गाडीवर बसायचा प्रश्न नाही. जानेवारी संपायच्या आत त्याने सांगायचं, तोवर मी गप्प, असा शब्द मी दिलाय. तू रागावशील. रागाव.

इकडे क्लबने पोस्टर छापलंय, एका बाजूला डॅनिश आणि दुसऱ्या बाजूला स्वानंद. लोक तिकिटं घ्यायला लागलेत. स्वानंद गेला तर सगळी बेरीजच कोसळते, कारण त्या सरासरीचे बरे रायडर केव्हाच इतरांनी उचललेत. मॉरिस भेटला की लीगच्या गप्पा मारतो आणि मी मूग गिळून उभा राहतो. मला स्वतःची लाज वाटते.

आम्हाला मूल नाही, हे आम्ही कधी बोलून दाखवत नाही. पण हा मुलगा राहायला आल्यापासून आमचा फ्रिज रिकामा असतो आणि घर भरलेलं. त्याला दिलेला शब्द मला खोटा करायचा नाही.

आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्त.

राजीव

•

एडिनबरा,
३० डिसेंबर २०२४

चि. राजीव यास,
अ. उ. आ.

स्वानंद नाताळला आला, चार दिवस राहिला, आजच तुमच्याकडे परत निघाला. आनंदात होता आणि मी मूर्खासारखी त्या आनंदाने खूश झाले. काल जेवताना सहज बोलून गेला. तो मॉरिसला सांगणार नाहीये. पोलंडमध्ये कुठलासा खालच्या लीगचा क्लब आहे, तो फेब्रुवारीत घ्यायला तयार आहे. तिथे कोण विचारतंय, म्हणाला. मामाचा रूल फक्त मार्शफोर्डमध्ये. आणि हे मामाला सांगू नको अशी वर शपथ घातली.

मी काय म्हटलं नसेल त्याला. ओरडले, पाया पडायची बाकी राहिले. तर मला म्हणतो, आई, रेस नसली तर मी कोण आहे ते मला माहीत नाही. पण असं म्हणणारं पोर आयुष्यभर पलंगावर पडून भिंतीकडे बघत राहिलेलं मी बघू शकत नाही. एकाला पोचवून आलेय मी, आता अंगात तेवढं बळ नाही.

तुझा शब्द तू मोड. हे पत्र मिळताच मोड. मॉरिसला सांग, ज्या कुणाला सांगायचं असेल त्याला सांग. तू लहानपणापासून शब्दाचा पक्का आणि त्याचं मला कौतुकच आहे, पण या वेळी ते कौतुक चुलीत गेलं.

मायेने लिहितेय, आवाज चढलेला वाटला तरी.

ताई

•

साउथहॅम्प्टन,
११ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाताळच्या टपालात अडकून गुरुवारी मिळालं. मी ठरवलं, आधी स्वानंदशी एकदा समोरासमोर बोलायचं आणि मग त्याच्या देखत मॉरिसला फोन करायचा. काल शिफ्ट संपवून घरी आलो तर त्याची खोली रिकामी.

मॉरिसला सगळं कळलंय. मान, स्कॅन, सर्जन, सगळं. त्याने करार रद्द केला आणि रेसिंगच्या लायसन्सवाल्यांना कळवलं. आता सर्जनच्या पत्राशिवाय त्याला कुणी गाडीवर बसू देणार नाही, पोलंडमध्येही नाही. तेव्हा पोरगा वाचला, हे आधी ऐक आणि जरा बस.

पण स्वानंदला वाटतंय की हे मी केलं. सुप्रभाला म्हणाला, मामाला सांग तो फार चांगला डॉक्टर आहे. तेवढंच. व्हॅन भरली आणि गेला. माझे फोन घेत नाही. सुप्रभा काल जेवली नाही, आणि तिनेही मला दोनदा विचारलं की शब्द दिला होतास ना.

ताई, मी तोंड उघडलेलं नाही. उघडणार होतो हे खरं, पण उघडलं नाही. हॉस्पिटलातल्या कुणीतरी बडबड केली असणार, आणि सापडलं तर मी त्याला सोडणार नाही. स्वानंद तुझ्याकडेच आला असेल. त्याला एवढंच सांग की मामाने शब्द मोडला नाही. माझ्यावर विश्वास नसला तरी तुझ्यावर ठेवेल.

क्लबची तर दैना झालीय. स्वानंदच्या जागी निवृत्त झालेल्या एका रायडरला हातापाया पडून आणलंय. सगळी नीट घडी विस्कटलेली बघून डॅनिशही दुसरीकडे निघाला. मॉरिस मला म्हणाला, आता तळाला न जाणं हीच लीग.

पत्र मिळताच फोन कर. तुझी माया आहे म्हणून एवढा हट्ट.

राजीव

•

एडिनबरा,
१७ जानेवारी २०२५

चि. राजीव यास,
अ. उ. आ.

हॉस्पिटलातलं कुणी नाही. मी केलं.

फोन करता आला नाही, आता तो माझ्या भिंतीपलीकडे असतो. तुला पत्र टाकलं आणि पुढचे दिवस नुसती घरात येरझारा घालत होते. मी तुला ओळखते. तू आधी त्याच्याशी बोलणार, त्याला आणखी एक संधी देणार, तेवढ्यात तो विमानात बसणार. म्हणून क्लबचा नंबर काढला आणि मॉरिसला सगळं सांगितलं. त्याने स्कॅनची तारीख लिहून घेतली. मग म्हणाला, मॅडम, थँक यू. भला माणूस वाटला.

स्वानंद आला की त्याला सांगायचं हे मी पक्कं ठरवलं होतं. तो दारात आला, बॅग तिथेच टाकली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बापाच्या अंत्यविधीलासुद्धा त्याने तसं केलं नव्हतं. म्हणाला, मामाने मला बिट्रे केलं, दगा दिला, आई, आता एक तूच. मी सांगायचं सोडून त्याची बॅग आत नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धीर केला, तेवढ्यात तो म्हणाला की तू म्हणतेस म्हणून ऑपरेशन करून घेतो. राजीव, ती तारीख फेब्रुवारीतली आहे. मी सांगते म्हणून तो उठतो, मी सांगते म्हणून दोन घास खातो. मीच केलं हे कळलं तर तो या घरातून निघून जाईल आणि मग त्याला जायला कुठलंच दार उरणार नाही. तुझं तर त्याने आधीच लावून घेतलंय.

ते तुझ्यावरच राहू दे. मागू नये ते मागतेय हे मला कळतं. तू काही केलं नाहीस आणि तुला तो मुलगा किती हवा आहे, तेही माहीत आहे. मी मोठी, आशीर्वाद द्यायचं काम माझं, पण आज मीच तुझ्यापुढे पदर पसरते.

रागाव, पत्र लिहू नकोस, काही कर. फक्त त्याला सांगू नकोस.

ताई

•

साउथहॅम्प्टन,
६ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग होता. तीनदा लिहायला घेतलं आणि जे लिहिलं ते तू वाचावंस असं नव्हतं. ऑपरेशन नीट झालं, बोटं हलतात, हे तुझ्या मेसेजवरून कळत होतं. त्या दिवशी मी थिएटरमध्ये दुसऱ्याच कुणाला भूल देत होतो आणि लक्ष सगळं एडिनबराला होतं.

सुप्रभाला मी खरं सांगितलेलं नाही. ती त्याला फोन करते, कधीतरी तिच्या तोंडून निसटेल. त्यामुळे तीही मला शब्द मोडणाराच समजते आणि कामापुरतं बोलते. होईल हळूहळू.

काल घरच्या ट्रॅकवरची पहिली मॅच झाली. हेरन्स असे हरले की लोक शेवटच्या रेसच्या आधीच कार पार्ककडे निघाले. निवृत्त रायडर दोनदा पडला, उठला, बिचारा पुन्हा बसला. मालक खाली बघत निघून गेला. हा शेवटचा सीझन, आता कुणी लपवतही नाही.

स्वानंद आला होता. तू मला कळवलं नाहीस, कदाचित तुलाही सांगून आला नसेल. गळ्यावर टाक्यांची रेघ दिसत होती. जुन्या मेकॅनिकांना भेटला, लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मॉरिसने मिठी मारली. मग ॲम्ब्युलन्सच्या मागे मी उभा होतो तिथे आला. मी कसा आहेस विचारलं. तो म्हणाला, तुम्ही शब्द दिला होता. जन्मात पहिल्यांदा त्याने मला तुम्ही म्हटलं, ताई.

तुझं पत्र त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हणालो, हो, दिला होता. मोडला.

त्याने विचारलं, परत वेळ आली तर परत मोडाल? मी हो म्हणालो. तो मान हलवून निघून गेला.

आता तू कधीच सांगू नकोस, अगदी मी गेल्यावरही नाही. त्याला आई पुरी असू दे. लोभ मात्र तुझ्याकडून तरी येत राहू दे, दुसरीकडून आता यायचा नाही.

राजीव