लाल शाईतला आत्मविश्वास

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर तो निर्विघ्न पार पडतो. प्रत्यक्ष घातला तर कंबर मला उठू देणार नाही.) तुझी तब्येत ठीक असेलच. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? मागच्या वेळी तो जिन्यावर इतका वाजायचा, की भाऊजी मागे वळून कोण आलं ते पाहायचे, म्हणून विचारलं. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. निदान या आठवड्यात तरी आहोत. मागच्या आठवड्याचं सांगायलाच हे पत्र.

तू वाढदिवसाला पाठवलेली हिरवी वही पोचली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, की रोज स्वतःविषयी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, मनात येईल ते मोकळेपणाने मांडायचं, म्हणजे आत्मविश्वास वाढतो, मन शांत राहतं आणि झोप छान लागते. झोपेची माझी तक्रार कधीच नव्हती. बाकीच्या दोन गोष्टींचा दुष्काळ मात्र तू मी चड्डीत होतो तेव्हापासून पाहते आहेस. चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं उभा आहे, पण गोल चेहऱ्याच्या गिऱ्हाइकाने गोल फ्रेम चढवून 'कसा दिसतो?' असं विचारलं, की माझ्या तोंडून 'छान' याखेरीज शब्द फुटत नाही. माझ्या या एका शब्दापायी आमच्या भागातली निम्मी माणसं घुबडासारखी दिसतात आणि मला रस्त्यात ओळख देतात.

पहिल्या दिवशी पेन उघडून बसलो. 'मी वेळेवर उठतो' हे लगेच सुचलं. 'मी चपला जागेवर ठेवतो' याला थोडा वेळ लागला. तिसऱ्या गोष्टीसाठी पाऊण तास छताकडे पाहिलं आणि शेवटी 'माझं अक्षर बरं आहे' असं लिहिलं. (ते लिहिताना अक्षर मुद्दाम बरं काढलं.) दुसऱ्या दिवशी 'मी कालही वेळेवर उठलो होतो' यावर भागवलं. चौथ्या दिवशी झोळी रिकामी. मग विचार केला, आपल्याला आपले गुण दिसत नसतील, लोकांना विचारावं. न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, तुमचं डोकं फार स्थिर असतं. दुकानात काचा घासणारे काका आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी अर्धा कप चहा संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, तुमचा त्रास नसतो. दोन्ही लिहून घेतलं, पण मन भरेना. तेव्हापासून मी जरा सढळ हाताने लिहायला लागलो. 'मी दुकानात शिरलो की वातावरण बदलतं.' 'मी मनात आणलं तर पर्वत हलवीन.' वाचून छाती खरोखरच फुगायची, आणि दुकानाची पायरी चढेपर्यंत पुन्हा जागेवर यायची.

त्यातच मालकांनी बाजाराच्या पलीकडच्या टोकाला दुसरं दुकान काढायचं ठरवलं आणि ते तुम्ही सांभाळा असं मला म्हणाले. सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी मी त्यांच्या खोलीत गेलो, आणि नाही म्हणून आलो. घरी हिला सांगितलं, अजून विचार चालू आहे. ही रोज विचारायची, कुठवर आला विचार? मी रोज म्हणायचो, निघालाय. खरं काय ते फक्त वहीत लिहिलं. तूच म्हणाली होतीस, मोकळेपणाने लिही.

आता तुला ठाऊक आहे, ही शाळेत पाचवीला शिकवते. तिच्या वर्गाच्या निबंधाच्या वह्याही हिरव्याच असतात हे तुला ठाऊक असायचं कारण नाही, पण मला असायला हवं होतं. जेवणाच्या टेबलावर बेचाळीस वह्यांचा गठ्ठा होता आणि माझी त्रेचाळिसावी. तिने सगळ्या तपासल्या. (ती म्हणते, पहिल्या पानावरच ओळखलं होतं, पण हाती घेतलेली वही अर्धवट सोडायची तिला सवय नाही.)

संध्याकाळी मी वही उघडली तर पानोपानी लाल शाई. चपलांपुढे लिहिलं होतं, 'पुरावा?' वातावरण बदलण्यापुढे, 'कसे ते उदाहरणासह लिहा.' पर्वताखाली, 'अतिशयोक्ती. आधी माळ्यावरची ट्रंक हलवा, पोकळ वचने नकोत.' दहापैकी तीन. अक्षरालाही अर्धाच गुण, ताई, अक्षराला! मी पानं उलटत सोमवारच्या पानावर आलो. तिथे शुद्धलेखनाच्या ढळढळीत तीन चुका होत्या, पण एकीलाही तिने हात लावला नव्हता. खाली बारीक अक्षरात फक्त एवढंच, 'हे चांगले लिहिले आहे. मला का नाही सांगितले?' आणि दहापैकी नऊ. (एक गुण उशिराबद्दल कापला, असं नंतर कळलं.)

ती चहा घेऊन समोर येऊन बसली. मला वाटलं, आता तास सुरू होणार. पण तिने आवाज चढवला नाही.

"तुम्हाला ते काम नको आहे, की भीती वाटते?"

"भीती वाटते," मी म्हणालो. एवढं सरळ उत्तर मी लग्नातही दिलं नव्हतं.

"मग नको नाहीये ना. उद्या जाऊन तेवढंच सांगा."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त माझ्या कपात थोडा जास्त चहा ओतून उठून गेली, आणि तिला आठवडाभर फसवल्याचं मला एकदम फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर उभा राहिलो. पाय लटलट कापत होते, पण टेबल मध्ये असल्याने ते खाजगीत कापत होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी मी एक संपूर्ण वाक्य बोललो. म्हणालो, मालक, मी दुसरं दुकान सांभाळीन.

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते तुम्ही सोमवारीच म्हणालात की."

चौकशीअंती असं निघालं, की सोमवारी माझा नकार इतक्या सभ्यपणे बाहेर पडला होता, की त्यातलं 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच त्यांना ऐकू आलं. पाटी रंगवून तयार होती. खाली कोपऱ्यात व्यवस्थापक म्हणून माझं नाव होतं आणि त्यातला काना अजून ओला होता. म्हणजे ताई, भित्रेपणाने मी व्यवस्थापक झालो ते झालोच, पण नंतर धाडस करून पुन्हा एकदा झालो. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ही इतकी हसली, की शेजारच्या बाई विचारायला आल्या.

तर तुझी वही लागू पडली, असंच म्हणायला हवं. आता मी पूर्वीचा राहिलेलो नाही. काल एका गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं, ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही. (ते बाहेर पडल्यावर सांगितलं, पण स्पष्ट सांगितलं.)

तुझा धाकटा भाऊ,
आता व्यवस्थापक

ता. क. : पुढच्या रविवारी नव्या दुकानाचं उद्घाटन आहे. मला चार वाक्यं बोलायची आहेत. तू जरूर ये आणि पहिल्या रांगेत बस. मी उठून 'उपस्थित मंडळी' असं म्हटलं, की तुला चक्कर यायला हवी. साधीच असू दे, पण भाषण पुढे ढकलण्याइतकी तरी हवी.

आणखी ता. क. : भाऊजींना आधी कल्पना देऊन ठेव. नाहीतर ते भाबडे खरोखरच डॉक्टर आणतील आणि डॉक्टर तुला दोन मिनिटांत बरी करतील. मग मला बोलावंच लागेल.

शेवटचा ता. क. : हे खरं तर फोनवरच विचारणार होतो. परवा सकाळी लागोपाठ तीन वेळा तू 'हॅलो, हॅलो' करत होतीस आणि पलीकडून कुणी बोलत नव्हतं, तो मीच. चौथ्या वेळी तू जे काही बोललीस, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही.