ट्रकची ताकद वाढवायचीय म्हणे

मंगळवार, दिवेलागणीला

पूजा, मी बोलते तसंच लिही. तुझ्या बापाला बरं वाटावं म्हणून गोड करू नको.

आठवडा झाला, माझ्या लेकाचं, दिलीपचं, डोकं त्या चिपमध्येच अडकलंय. आपल्या जुन्या ट्रकच्या इंजिनाला चिप लावली की वैजापूरचा कांदा भरून गाडी घाट सपासप चढणार म्हणे. एक चिप स्वस्त, एक भारी, तिसरीला बटन हाय. जेवतानाही मोबाईलवर तेच. तुझ्या आईला बघायला गेलो होतो, तेव्हा इतकं निरखलं नव्हतं यानं!

अन् गाडी दारात उभी केली की चाकाखाली दगड लावावा लागतो. ब्रेकचं काम दिवाळीपासून पुढं ढकलतोय. आज विचारलंच, "चढंल रे बाबा, पण उतारावर थांबवणार कोण? तो दगड घाटात कुठं लावशील?"

"माय, तुला गाडीतलं काय कळतं?"

"काय नाय कळत. पण ताकद वाढली की तू पोती वाढवशील, एवढं तुला ओळखते."

खाली बघून भाकरी कुस्करायला लागला. म्हणजे वाढवणारच होता! मग ताटावरून उठला. सकाळी चिप बसवायला नेतो म्हणाला. सगळ्यांसमोर बोलले, चुकलं का माझं? चुकलं असंल. पण घाटातून धड घरी कुणाला यायचंय, मला का त्याला?

लिही. सकाळी त्याच्या आधी मी केबिनमध्ये जाऊन बसणार. ब्रेकवाल्याकडं नेत असंल तर संगं येते. चिपवाल्याकडं नेत असंल तर मला उचलून खाली ठेवावं लागंल, अन् मी काय हलकी नाय.