अर्ध्या शिडाचा शिक्का

बोळिंज, विरार

चि. शालनला अण्णाचे आशीर्वाद.

गावच्या पोस्टातला शिक्के मारल्याचा धप् धप् आवाज आज पुन्हा कानात आला. तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. जेवतो, शाळेतल्या कविता म्हणतो.

घर सोडून गेलेल्या दामूच्या एकुलत्या पत्राचं तिकीट आईनं माझ्या संग्रहासाठी कापलं आणि पाकीट चुलीत घातलं. पत्रात गावाचं नाव नव्हतं; तिकिटावर चित्राच्या शिक्क्यातलं अर्धं शीड तेवढं उमटलंय. असं चित्र ज्या त्या गावाचं वेगळं असतं. ते ओळखलं, तर आपला भाऊ कुठे होता एवढं तरी कळेल. आई तेच विचारत गेली.

थांब, बेल वाजली.

आगाशीचे पास्कलभाऊ, तिकिटं जमवणारे, न कळवताच आलेत. "मास्तर, तुमची होडी गावली," म्हणाले. त्यांच्या हातातल्या जुन्या पाकिटावर अख्खा शिक्का आहे, खाली गावाचं नाव. शालन, वाचायचा धीर होत नाही गं.

तुझा अण्णा