फोटोत उरलेली अर्धी शेपटी

बाळकुम,
शुक्रवार, दुपार

प्रिय ग्रेगरी,

फोनवरच बोलणार होते, पण फोनवर तू "हां बाय, हां बाय" करत थोरल्या बहिणीला गुंडाळतोस आणि मीही गुंडाळून घेते, म्हणून कागद काढला. सातवीतून शाळा सुटली तरी अक्षर बरं आहे माझं. शेजारची मालन म्हणते, मुंग्यांची रांग. वाचायला जड गेलं तर जोॲनकडून वाचून घे. तुझ्या बायकोपासून लपवावं असं माझ्या बाजूने यात काही नाही.

आधी खारींची खबर देते. बांडीला पिल्लं झाली. महिनाभर ती माझ्या मागच्या दारातलं काथ्याचं पायपुसणं कुरतडून जांभळीच्या ढोलीत नेत होती. पायपुसण्याचा एक कोपरा पार उघडा पडला, तरी मी ते उचललं नाही. बाळंतिणीच्या खोलीत काही कमी पडू नये. आता ढोलीतून बारीक चिकचिक ऐकू येते. किती आहेत ते अजून दिसलं नाही. मांजराने अर्धी शेपटी नेली तेव्हा ही जगते का मरते असं झालं होतं, आणि आता बघ, लेकुरवाळी होऊन मलाच दटावते. दाणे द्यायला उशीर झाला की त्या अर्ध्या शेपटीनेच खिडकीवर फटके मारते.

मागच्या नाताळात तू मला हा फोन दिलास आणि म्हणालास, "बाय, कोपरला तिसऱ्या मजल्यावर आम्हाला फक्त समोरच्यांची सुकत घातलेली चड्डी-बनियनं दिसतात. तू मला खारी दाखव." तू फक्त बटण कुठलं ते शिकवलंस. बाकीचं मी माझं शिकले. आधी चाळीस फोटोंत एकोणचाळीस नुसत्या फांद्या यायच्या. मग लक्षात आलं की आपण त्यांच्याकडे बघत बसलो की त्या पळतात, पण हात कामात असला की त्यांना आपली भीती नसते. म्हणून मी पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसते, फोन पालथ्या टोपाला टेकवून ठेवते आणि करंगळीने दाबते. तेच तेच तांदूळ तीनतीनदा निवडलेत मी. मालन कुंपणावरून ओरडते, "क्लेमेंटिनाबाय, तुमच्या भातात खडा सापडला तर मी मिशी ठेवीन!"

आणि मग पावसाळ्यानंतर तू फोटोंवर बोलायला लागलास. त्याआधी नुसता अंगठा पाठवायचास. "बाय, नुसती खार नको, तिचं घरही दाखव." "ढोली जवळून घे." "खोडाला चीर आहे ना, त्या बाजूने घे." "ढोली केवढी आहे ते कळत नाही, शेजारी फूटपट्टी धर बघू." एकाहत्तराव्या वर्षी मी स्टुलावर चढले, ग्रेगरी. मालनने स्टूल धरलं होतं आणि खालून बडबडत होती, "पडलात तर खारी हसतील, आणि मी पण हसेन." मी पट्टी धरली, आणि नेमकी तेव्हाच बांडी ढोलीतून बाहेर आली. पट्टीवर पंजा ठेवून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. तो मी फक्त तुला पाठवला. तू दहा वेळा टाळ्या पाठवल्यास. रविवारी चर्चमधला मिस्सा सुटल्यावर मी दिसेल त्याला सांगितलं, आमच्या ग्रेगरीचा जीव या परसात अडकलाय, म्हातारपणी त्याला खारींचं वेड लागलं.

मंगळवारी सकाळी जांभळीच्या खोडावर कागद चिकटवलेला दिसला. चष्मा आत होता, म्हणून मालनने वाचला. झाड पोकळ व धोकादायक असल्याने तोडण्याची परवानगी मागितली आहे, कोणाची हरकत असेल तर सात दिवसांत लेखी द्यावी. अर्जदाराचं नाव तिने दोनदा वाचलं. तुझं. मी म्हटलं, नावात चूक असेल. तिला घेऊन रिक्षाने महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलीने फाइल उघडून दाखवली. तुझ्या सहीखाली माझा फोटो लावलेला होता. ढोली होती, चीर होती, पट्टी होती. बांडी कापून टाकली होती. पण कापणाऱ्याची नजर चुकली, खालच्या कोपऱ्यात तिची अर्धी शेपटी तेवढी राहिली. त्या मुलीला वाटलं तो डाग आहे. मी म्हटलं, नाही बाळा, ती आमच्या घरातली आहे.

मागची अर्धी जागा तुझ्या वाटणीची आहे, मी कधी नाही म्हटलेलं नाही. पलीकडच्या नव्या बिल्डिंगला तिथून गेट हवंय आणि तू त्यांना हो म्हणालास, हेही मला आता मालनकडून कळलं. तिच्या पोराला, ऋतुराजला, तिथल्या वॉचमनने सांगितलं म्हणे. म्हणजे वॉचमनला ठाऊक आणि मला नाही. तू येऊन पायरीवर बसला असतास, म्हणाला असतास, बाय, मला झाड काढायचंय. मी रडले असते, तुला दोन शिव्या घातल्या असत्या, चार दिवस बोलले नसते. पाचव्या दिवशी तुझ्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलंच असतं. पण तू माझ्याच हातात पट्टी दिलीस. आता जुने मेसेज काढून बघते तर "किती गोड गं" लिहिलेल्या प्रत्येक वेळी खाली काहीतरी मापायला सांगितलेलं आहे. मला ते गोडच तेवढं दिसत होतं. तीन दिवस झाले, फोन डब्याखाली पालथा ठेवलाय. तांदूळ एकदाच निवडते.

आता हे पत्र लिहून आजच ऋतुराजच्या हाती का पाठवतेय ते सांगते. हरकतीचा अर्ज मी स्वतः लिहिलाय, बांडीसकट अख्खा फोटो जोडलाय, आणि सोमवारी अकरा वाजता देणार आहे. शेवटचा दिवस तोच आहे. ऑफिसातल्या त्या मुलीने मला विचारलं, झाड आतून सडलेलं नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? मी म्हटलं, ढोली एकोणसाठ वर्षांची आहे, फांदी मोडली तिथे पडलेली, आणि तेव्हापासून झाड दर उन्हाळ्याला जांभळं देतंय. ती म्हणाली, मग फांदी कधी मोडली, कशी मोडली, कोणासमोर, सगळं खरंखरं लिहा आणि सही करा. ग्रेगरी, बापसाला आपण काय सांगितलं होतं ते तुझ्या लक्षात आहे. बाय चढली, बायने फांदी मोडली. तू आठ वर्षांचा, फांदी मोडून विहिरीमागे लपून बसलेला, तोंड जांभळं झालेलं. मी बारा वर्षांची. निरगुडीचा फोक पाठीवर घेतला आणि तुझं नाव काढलं नाही. बापूस मरेपर्यंत काढलं नाही, माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. सोमवारी सहीच्या कागदावर मला ते नाव लिहावं लागेल. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही मला, म्हणून तुला आधी कळवते. त्याआधी येऊन तू तुझा अर्ज मागे घेतलास तर माझा कागद पत्र्याच्या पेटीत राहील, आणि ती गोष्ट होती तशी आपल्या दोघांत राहील. रविवारी मी दुपारभर मागच्या पायरीवर बसलेली असेन. आलास तर पुढचं दार वाजवू नकोस, विहिरीकडून ये. पिल्लं झोपलेली असतात.

तुझ्यासाठी कधीकाळी खोटं बोललेली, अजूनही तुझीच,
बाय