धायरीची गच्ची आणि एप्रिल २०२९

मी, सत्यशीला सुखदेव इंगळे, वय एकाहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. देवधर यांनी दिला आहे. हृदयाबद्दल विचारले तेव्हा त्या गप्प बसल्या, म्हणून ही घाई.

१. माझा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि बँकेतील ठेव मुलगा राकेश व मुलगी कल्याणी यांना निम्मी निम्मी मिळावी. दोघेही हडपसरला कॉम्प्युटर कंपन्यांत आहेत आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कमावतात. तरीही भांडण झालेच, तर ते निव्वळ हौसेचे समजावे.

२. घरातील सर्व पडदे नणंद तुळजाबाई यांना द्यावेत. माझे माहेर लोणारजवळचे. आकाशातून आलेल्या एका दगडाने केवढा खड्डा करून ठेवला आहे हे बघतच मी वाढले, त्यामुळे वर लक्ष ठेवायची सवय लागली ती कायमची. २००४ च्या डिसेंबरात बातमी आली, की एक लघुग्रह २०२९ च्या एप्रिलमध्ये पृथ्वीवर आदळू शकतो. पुढे त्याचे नाव अपोफिस ठेवले. मी घाबरून घरोघर सांगत सुटले, तेव्हा तुळजाबाई चारचौघांत म्हणाल्या, "मग वहिनी, नवे पडदे कशाला शिवताय?" नंतर गणित सुधारले. तो आदळणार नाही, अगदी जवळून जाईल असे ठरले, आणि सासरच्या मंडळींना वर्षानुवर्षे पुरेल एवढा विषय मिळाला. तुळजाबाईंनी पडदे जरूर लावावेत. नुकतीच रशियात उल्का फुटली तेव्हा उजेड कसला म्हणून लोक खिडकीशी धावले आणि काचा अंगावर आल्या. पडदे ओढून आत बसणे हेच शहाणपणाचे. त्यांचे ते आधीपासून चालूच आहे.

३. दुर्बीण कल्याणीला. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे ती रात्रभर जागीच असते, तर अधूनमधून कॉम्प्युटरवरून मान वर करावी.

४. आता गच्ची. फ्लॅटवरील गच्ची खरेदीखतात माझ्या नावे आहे. वरचा मजला तापतो, घेऊ नका, असे सगळे नातेवाईक सांगत होते. सुखदेवराव म्हणाले, "तुला आकाश पाहिजे ना? उन्हाळा मी सोसतो." त्यांनी तो खरोखर सोसला, आणि वर माझ्यासाठी खुर्चीही आणून ठेवली.

या गच्चीवर राकेशला मोबाइलचा टॉवर बसवायचा आहे. मी म्हटले, मग मी आकाश कुठून बघू? तो म्हणाला, "आई, टॉवर एका कॉर्नरला असेल गं. रेंज सुधारेल, रेंट येईल. आणि आकाश काय, नेटवर दिसतंच की." मुलगा गुणी आहे. पण माझ्यामागे तो दुसऱ्याच दिवशी कागदावर सही करील हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून गच्ची त्याला देत नाही. कल्याणीलाही नाही, कारण भावाने दोनदा 'प्लीज' म्हटले की ती विरघळते.

गच्ची मी तिसऱ्या मजल्यावरील श्री. दत्तप्रसाद खाडिलकर, सोसायटीचे सचिव, यांना देत आहे.

ज्यांना धक्का बसला असेल त्यांनी पाणी प्यावे. दुर्बिणीचा स्टँड ओढण्याचा आवाज झोपण्याच्या खोलीत येतो, अशी खाडिलकरांची माझ्याविरुद्ध लेखी तक्रार आहे. उत्तर न दिल्याबद्दल दुसरी आहे. उत्तराची भाषा उद्धट असल्याबद्दल तिसरी. पण नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या सिंहगड रस्त्यावर कोणी नाही. भावी नगरसेवकाने कुंपणावर लावलेला फ्लेक्स त्यांनी उतरवला, घडी घातली आणि त्याच्याच घरी नेऊन दिला. टॉवरवाल्यांनी त्यांच्यापुढे यावेच.

अटी अशा: गच्ची मोकळी ठेवावी. आकाश बघायला येईल त्याला चावी द्यावी. देताना कुरकुर करण्याची मुभा आहे. आणि १३ एप्रिल २०२९ च्या रात्री खाडिलकरांनी स्वतः वर जाऊन अपोफिस बघावा. तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल म्हणतात. तोपर्यंत जिवंत राहणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

गेल्या महिन्यात सगळे शास्त्रज्ञ एका लघुग्रहावर डोळे लावून बसले होते. तो मुकाट्याने निघून गेला, आणि त्याच दिवशी ध्यानीमनी नसलेला दुसराच रशियावर येऊन फुटला. माझेही तसेच झाले. मी जन्मभर वर बघत राहिले आणि सुखदेवराव खाली, साध्या तापाने गेले. मला मरणाची भीती वाटत नाही. पण अपोफिस येईल तेव्हा आपल्या घरचे कोणीच वर नसेल, याचे फार वाईट वाटते.

५. हा मसुदा मी खाडिलकरांना वाचायला दिला. दारातच उभे राहून त्यांनी तो दोनदा वाचला.

"इंगळेबाई, ही जगण्याची अट बेकायदेशीर आहे. मी आत्ताच पंच्याहत्तरीचा आहे."

"मग तक्रार करा."

"कोणाकडे?"

"ते तुम्हीच ठरवा. सोळा वर्षं आहेत."

ते खाली गेले. संध्याकाळी गच्चीच्या दारावर त्यांच्या अक्षरातली पाटी लागली: 'दि. १३ एप्रिल २०२९ रोजी रात्री गच्ची आरक्षित आहे. इंगळे व खाडिलकर. इतरांनी चौकशी करू नये.'

पाटी दोनदा वाचून, डोळे पुसून, मी खाली सही करीत आहे.

सत्यशीला सुखदेव इंगळे

वरील सही आमच्यासमक्ष झाली:
१. डॉ. राजनंदिनी देवधर, सदाशिव पेठ
२. नागोराव वानखेडे, निवृत्त मुख्याध्यापक, धायरी

पुणे, १८ मार्च २०१३