रोबोच्या सांध्यांतला कापूस

बाबा, त्या लाल रोबोच्या सांध्यांत तुम्हाला जो कापूस सापडला, तो मी भरला होता. मामांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे एवढं सांगायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तुम्हाला जाऊनही आता तीसच्या वर झाली, म्हणजे सांगून कुणाचं भलं व्हायची वेळ केव्हाच टळली आहे. पण गेल्या रविवारी माटुंग्याला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे गेले होते. पन्नाशीचा माणूस, भिंतभर काचेचं कपाट, आणि आत गणपतीची आरास मांडावी तसे रोबो मांडलेले. वळवले की गाडी होतात, उलगडले की माणूस. त्यांत तो होता, लाल, छातीवर ट्रकच्या काचा असलेला. ‘हात धुऊन या,’ म्हणाला, मग माझ्या हातात दिला. माझ्या बोटांनी मला विचारलंही नाही. पाय आत, हात मागे, डोकं खाली, झाला ट्रक. तो चाट पडला. ‘मॅडम, तुमच्याकडे होता की काय?’ मी म्हटलं, होता, आठ दिवस.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष सरत आलं होतं. लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही दिवसभर दाराशी बसून असायचात आणि हातात धोटा. मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धावून ज्याची टोकं झिजली होती तो, दोन्हीकडे लोखंडी टोप्यांचा धोटा, तुम्ही गिरणीतून आठवण म्हणून आणलेला. जन्मभर हजार मागांच्या खडखडाटात काम केलेल्या माणसाला घरातला एवढासा आवाज सहन होत नव्हता. ताट पडलं की मार. मी पाठांतर मोठ्याने केलं की पट्टा. आईने स्टोव्हला जोरात पंप मारला म्हणून तुम्ही तिच्या पाठीत लाथ घातलीत, आणि ती पेटत्या स्टोव्हवर पडता पडता वाचली, कोपर मात्र भाजलं. तिथे आठवडाभर तिने बटाटा किसून लावला आणि शेजारणींना सांगितलं की तेल उडालं. मोर्चात तुमच्या कानावर लाठी बसली होती, आत सतत गुणगुण चालायची, हे मला आता कळतं. वड्याचं तेल वांग्यावर काढतात म्हणतात, तसं. पण वांगी आम्ही होतो, बाबा.

मामा म्हणजे आईच्या गावचे, गॅलरीत दोन खोल्या सोडून राहणारे. तुमच्याच गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात. संपात ते दादरला फुटपाथवर परदेशी माल विकणाऱ्या एकाच्या हाताखाली उभे राहायचे, आणि तुम्हाला ते खरं वाटत नव्हतं. त्यांच्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून रोबो दिला. ‘घे गो चेडवा. ह्येचो माणूस पन होता नि गाडी पन.’ मला तोवर कुणी नवं खेळणं दिलं नव्हतं. पण त्याचा प्रत्येक सांधा वळताना खट् वाजायचा, आणि दाराशी तुम्ही. म्हणून मी उशी उसवून कापूस काढला आणि आईच्या केसांतल्या आकड्याने एकेका सांध्यात ठासून बसवला. मग तो मुका झाला. गोधडीखाली मी त्याला शंभरदा वळवायचे. ती उशी तुम्हीच बरे दिवस असताना गिरणीतला वाया गेलेला कापूस आणून भरली होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी त्याचा हात अडकला. मी ओढत होते तर तुम्ही म्हणालात, ‘आण हकडे.’ मला वाटलं, आता भिंतीवर आपटणार. तुम्ही सुई मागितलीत. तो मांडीवर घेऊन सांधा सैल करताना तुमची बोटं इतकी हलकी चालत होती की मी सरकत सरकत तुमच्या गुडघ्याला टेकले. दोन वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हाताला यंत्र लागलं होतं. मला तुम्ही फार आवडलात त्या वेळी. मग सुईच्या टोकाला कापूस आला. तुम्ही तो चिमटीत चोळलात, वास घेतलात. ‘कार्डिंगचो,’ म्हणालात. तेवढं एकच. त्या दिवसांत कापूस म्हणजे काय होता ते चाळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. संपकऱ्याच्या अंगावर कापूस दिसायचं कारणच नव्हतं. कुणाच्या भुवईत, कानाच्या केसात एक तंतू दिसला, की तो पहाटे लपून गिरणीत जाऊन येतो म्हणायचं आणि त्याला नळावर पाणी भरू द्यायचं नाही.

तुम्ही धोटा उचललात. गॅलरीत मामा कठड्याला हात टेकून उभे. तुम्ही कापूस त्यांच्या नाकासमोर धरलात.

‘ह्यो कापूस खंयचो?’

‘माका काय म्हायत नाय. मी गिरणीत जाऊक नाय, देवाशपथ.’

‘मग खेळण्यात खंयसून इलो?’

‘चेडवाक इचार,’ मामा म्हणाले. विश्वासाने म्हणाले, कारण मी खरं सांगेन असं त्यांना वाटलं.

तुम्ही वळलात. तुमचे डोळे मला अजून दिसतात. मी म्हटलं, ‘त्येच्यात पयल्यापासून होतो.’

पहिला घाव कठड्यावरच्या हातावर. लोखंडी टोपी आणि लोखंडी कठडा, मधे बोटं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मामी धावली, तुम्ही तिला कोपराने ढकललंत. आणखी दोघे संपकरी आले, त्यांनी मामांना खाली पाडलं आणि तुम्ही त्याच हातावर टाच देऊन उभे राहिलात. पांढऱ्या फरशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले, चार माझ्या फ्रॉकवर. रोबो तुम्ही चौकात भिरकावलात. कुणीच मधे पडलं नाही, सगळे बघत होते, मीही. मामांची तीन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. महिन्याभरात ते घोडपदेवला गेले. गिरणी तुमच्यासाठी उघडली नाहीच, तशी त्यांच्यासाठीही.

तुम्ही गेलात तेव्हा मामा आले होते. तिरडीला त्यांनी डाव्या हाताने धरलं. आईने पदरात तोंड घातलं ते मामा जाईपर्यंत काढलं नाही.

परवा मंगळवारी मी घोडपदेवला जाऊन आले, सांगायचं ठरवूनच गेले होते. मामा ऐंशीच्या पुढे गेलेत. बशी डाव्या हाताने तोंडाशी नेतात. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘तुझो बापूस वायट नव्हतो गो. संपान तेका वायट केल्यान.’ मी चहा प्याले, नमस्कार केला आणि परत आले. ज्यांना हे पत्र पाठवायला हवं त्यांच्या घरी बस जाते. म्हणून मी ते तुम्हाला लिहिते आहे, जिथे काहीच जात नाही.

मी भीतीने खोटं बोलले, असं आजवर स्वतःला सांगत आले. भीती होतीच. पण त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हात धुतलेत, आईने वाढलेला भात मुकाट्याने जेवलात आणि आमच्यावर हात उचलला नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. घरात इतकं शांत वाटत होतं की मी गाणं म्हटलं. चौथ्या दिवशी तुम्ही आईचे केस धरलेत, तेव्हा मी कोपऱ्यात बसून आता कुणाचं नाव सांगावं याचा विचार करत होते.